रेघ चढून राहिली

...आन वरून पोरगा मले म्हणते का, "बाबा, तुमचा थकवा गुलाबी आहे!" आता सांगा तुमी! साठीले टेकलो मी, आजवर थकवा आला तं कंबरेले आला, गुडघ्याले आला, लगनसराईत लुगड्यांचं काम अंगावर आलं तं डोळ्याले आला, पण गुलाबी थकवा? माह्या बापाले नाही आला, आज्याले नाही आला! मी म्हटलं, बाबू, थकवा कोणत्याही रंगाचा असो, मले उलसं बसू दे. तं म्हणते, "बसू नका, निळी रेघ खाली येईल!"

म्हणजे मी बसलो इकडं अड्याळात, आन रेघ पडते तिकडं पुण्यात. पोरगा माहा तिकडंच हाय ना, अमर. कंपुटरच्या कंपनीत हाय. एकुलता एक. आमी इकडं दोघं, मी आन माही बायको विजयमाला, आन तिसरा माग. हो, हातमागाचंच घर आमचं. पहिले या गल्लीत बोलाचं असलं तं वरडून बोला लागे, इतकी खटखट चाले. आता दोन-चार माग उरले, त्यातला एक माहा आन एक बाजूच्या मारोतरावचा. तं सांगत काय होतो... हां, रेघ!

सुरुवात कशी झाली सांगतो. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मले निस्तं एवढंच म्हटलं होतं का, "साखर काठावर हाय लक्ष्मणराव, सकाळी चालत जा." बस! इतकंच! आन मी मूर्ख, ते अमरले फोनवर सांगून बसलो. झालं! "चालून काय होतं बाबा? धावा! शास्त्रशुद्ध धावा!" आठ दिवसांत खोकं आलं. आत एक घड्याळ आन पोपटी रंगाचे जोडे. पोपटी! ते जोडे पाहून आमच्या गल्लीतलं कुत्रं दोन दिवस भुकत होतं.

आन गावात माह्या वयाचा माणूस धावते कधी, सांगा बरं? ढोर सुटलं तं धावते, नाही तं कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं तं धावते. पहिल्या दिवशी निघालो पवनीच्या रस्त्यानं, तं दहा पावलं नाही गेलो का मोटरसायकल थांबली. "काय झालं काका? कोण गेलं?" म्हटलं, कोणी नाही गेलं बापा, मीच जाऊन राहिलो. दुसरा थांबला, "बसा काका, सोडून देतो!" म्हटलं, नको. म्हणे, "अजी बसा ना, लाजता काहून?" तिसऱ्यानं तं इचारलंच नाही, हात धरून गाडीवर बसवलं आन पवनीच्या फाट्यावर नेऊन सोडलं! घरी आलो तं अमरचा फोन. "बाबा! काय वेग आहे तुमचा! जगात असा वेग कोणाचा नाही!" असन ना बा, बिना गिअरचा थोडीच होता.

मंग त्यानं मले ते शिकवलं, ऑनलाइनवालं. घड्याळ मोबाइलले सांगते, मोबाइल त्या साइटले सांगते, साइट अमरले सांगते. मले कोणीच काही सांगत नाही. पासवर्डही त्याच्याचजवळ! अंग माहं आन चावी त्याच्यापाशी. तं त्या साइटवर तीन रेघा. अमर मोठ्या मास्तरावानी सांगते, "बाबा, निळी रेघ म्हणजे तुमची ताकद. धावलात की हळूहळू चढते, थांबलात की हळूहळू उतरते. गुलाबी म्हणजे थकवा. तो झटकन चढतो, झटकन उतरतो. आणि निळीतून गुलाबी वजा केली की उरतो तो ताजेपणा, पिवळा." मी म्हटलं, बाबू, इतके रंग तं आमी एका लुगड्यात टाकत नाही! तं हासला आन म्हणे, "तुम्ही फक्त धावा. निळी रेघ वर चालली आहे ना? मग चिंता कसली!"

हे त्याचं पालुपद, बरं का. ध्यानात ठेवा. निळी रेघ वर चालली आहे ना, मग चिंता कसली.

आता खरं दुखणं सांगतो. धावणं गेलं खड्ड्यात, धावतो मी, पाय हाय तं धावतो. पण तुमाले सांगतो, पहिले पोरगा दर रविवारी फोन करे. "बाबा, खोकला कसा हाय? आईचे गुडघे काय म्हणतात? तलाव भरला का? मारोतकाकानं माग इकला का ठेवला?" अर्धा घंटा बोले. मी कटकट करो का, काय रे, बिल येत नाही का तुले? पण मनातून बरं वाटे. आन घड्याळ आल्यापासून? फोन बंद! काहून करन तो फोन? त्याले सगळं दिसते ना! बाप झोपला कधी, उठला कधी, छातीचे ठोके किती, सगळं दिसते. मीच एक दिवस लावला. म्हटलं, काय रे, इसरला का? तं म्हणते, "बाबा, विसरेन कसा? रोज पाहतो तुम्हाला. सकाळी चहासोबत तुमचा आलेखच उघडतो. रेघ वर चालली आहे ना? मग चिंता कसली!" म्हणजे तो मले रोज पाहून राहिला आन मले तो एकही दिवस नाही दिसला. मले वाईट वाटलं. खरं सांगतो, भल्लं वाईट वाटलं.

आन तेवढ्यात आली मंडई.

आता तुमी आमच्याकडचे असान तं सांगाची गरज नाही, पण कोणी बाहेरचा बसला असन तं सांगतो. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. ज्या गावाची मंडई त्या गावात घरोघरी पाव्हणे. लेकी येतात, जावई येतात, बहिणी येतात, नाटक असते, दंडारीचं नाचगाणं असते, पाळणे, जिलेबी, आन पाय ठेवाले जागा नाही. दिवाळीले नाही आला तं चालते. पण मंडईले पोरगा नाही आला तं लोक इचारतात, "काय लक्ष्मणराव, भांडण झालं का?" आन अमर दोन मंडया नव्हता आला. एका वर्षी काम होतं. दुसऱ्या वर्षीही काम होतं. मीच म्हटलं होतं, काम पाह्य आधी.

या वर्षी विजयमालानं दसऱ्यालेच इचारलं त्याले. तं काय म्हणाव त्यानं? "आई, मी येणार होतो गं. पण आत्ताच बाबांचा आलेख पाहिला, तब्येत एकदम मस्त आहे. तर म्हटलं, घाई काय? उन्हाळ्यात निवांत येतो."

तब्येत मस्त हाय म्हणून नाही येत! म्हणजे बाप ठणठणीत असला तं पोरगा येत नाही! विजयमाला माह्याकडं अशी पाहाले लागली का जसा मी गुन्हाच केला बरा राहून. मंग मी म्हटलं, ठीक हाय. रेघच पायजे ना तुले? रेघच पाडतो. मंडईले तीन-साडेतीन हप्ते होते. तीन-साडेतीन हप्त्यांत रेघ जमिनीले टेकवतो, आन पाहतो कसा नाही येत!

पहिलं काय केलं, तं धावणं बंद. पोपटी जोडे माळ्यावर. सकाळी उठलो, चहा घेतला आन आराम कराले गपगुमान मागावर जाऊन बसलो. आता आमी माग चालवणारे लोक, आमाले बसणं म्हणजे मागावरच बसणं. आमच्यात कोणी म्हणत नाही का मी खुर्चीत बसलो होतो. खड्ड्यात पाय सोडले, धोटा इकडून तिकडं, डाव्या हातानं फणी ठोका, खालून पाय चालू, खटखट, खटखट. घड्याळ डाव्या हातात. दुपारपर्यंत झाला आराम. उठलो आन मोबाइल पाह्यला. त्यावर लिहून होतं, "धावणे आढळले." आढळले! खड्ड्यात बसलेला माणूस त्याले धावताना आढळला! तेवढ्यात फोन वाजला. अमर! इतक्या दिवसांनी! मी धावत गेलो, आन ते घड्याळानं मोजलं असन.

"बाबा! काय हे! सकाळपासून तीन तास! जागच्या जागी! तुम्ही ट्रेडमिल घेतलं का?"

तुमाले काय सांगू... पोरगा ज्या खटखटीत जन्मला, दुपारी खटखट थांबली का जो पाळण्यात उठून रडे, त्याले वाटलं ट्रेडमिल. म्हटलं, अमर, माग हाय तो बाबू. आपला माग. मले वाटलं, आता काही बोलन. तं म्हणते, "अरे वा! म्हणजे व्यायाम घरच्या घरी! निळी रेघ पाहा तुमची, सरळ वर! चिंता कसली!" आन ठेवला फोन.

बरं. माग बंद. मंग म्हटलं, आता झोपूनच राहतो. खाटेवर पडलो ते पडलो. विजयमाला म्हणे, "अजी, काय होऊन राह्यलं तुमाले?" म्हटलं, काही नाही, रेघ पाडून राहिलो. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. गल्लीत बोंब झाली का लक्ष्मणराव आजारी हाय. मारोतराव आला भेटाले, उशापाशी बसला, कपाळाले हात लावला. म्हणे, "लक्ष्मण, काही मनात ठेवू नको. कोणाले बलवाचं असन तं बलवून घे." डोळ्यात पाणी त्याच्या! आन त्याच टायमाले मोबाइल वाजला ना! उघडून पाहतो तं हिरवा रंग आन वर लिहून, "तुम्ही शर्यतीसाठी पूर्णपणे सज्ज आहात."

आता हे कसं झालं? अमरनंच समजावलं, खुशीत फोन करून. "बाबा, तुम्ही किती शहाणे! मी सांगायच्या आधीच आराम सुरू केलात! थकवा झटकन उतरतो, ताकद हळूहळू उतरते, म्हणजे मध्ये उरला नुसता ताजेपणा! तुम्ही आत्ता आयुष्यात सगळ्यात जास्त तयारीत आहात! मी तुमचं नाव नागपूरच्या शर्यतीत टाकू का?" आन मी खाटेवर, आन उशापाशी मारोतराव डोळे पुसून राहिला! मले सांगा, मंग माणसानं कराव तरी काय? काम केलं तं ताकद वाढते. पडून राहिलं तं ताजेपणा वाढते. आजारी पडाची सोयच नाही ठेवली त्या मेल्यानं!

तिसरा उपाय विजयमालानं काढला. म्हणे, "द्या ते माह्याजवळ. तुमच्या हातून काही होत नाही. मी घालतो. मी काही धावत नाही तुमच्यावानी पोट्ट्यासारखी." म्हटलं, घाल. नाजूक बाई, गुडघे दुखतात, रेघ आपोआप बसन. आन दिवस कोणता? मंडईच्या आधी घर सारवाचा! पहाटे उठली ते माती कालवली, भिंती पोतल्या, अंगण सारवलं, गोधड्या नदीवर नेल्या, आपटल्या, वाळवल्या, आणल्या, माळा काढला, डबे घासले, चुलीसमोर बसून अनरसे तळले, आन मधातच माह्यावर चार वेळा खेकसली, त्याचेही ठोके त्यानं मोजलेच असतीन. संध्याकाळी मोबाइलनं अशी घंटी वाजवली का काय सांगू! फटाके फुटले त्यावर! चित्रातले! आन लिहून, "अभिनंदन, आजवरचा तुमचा सर्वोच्च सराव." माही निळी रेघ, जी मी सहा महिने पोपटी जोडे घासून चढवली होती, ती बाईनं एका दिवसात छपराच्या वर नेली!

अमरचा फोन. "बाबा!! आज काय केलं तुम्ही?" 

म्हटलं, घर सारवलं.

"अहो मस्करी नको! असा दिवस तर धावपटूंचाही नसतो! जपा हं बाबा, रोज नका करू असं." मी विजयमालाकडं पाह्यलं. तिनं घड्याळ काढलं, खुंटीले अडकवलं आन भांडे घासाले निघून गेली. रोज नका करू म्हणे! तिले कोणी म्हटलं असं आजवर? मीही नाही म्हटलं. ते पाहून माही मान खाली गेली, रेघ मात्र नाही गेली.

चार दिवस उरले मंडईले. मी दारात बसून, तोंड पडलेलं. विजयमाला आली आन कंबरेवर हात ठेवून म्हणे, "अजी, एक इचारू? तुमाले देवानं तोंड देल्लं का नाही?"

म्हटलं, काहून?

"मंग ये म्हणा ना त्याले! रेघ पाडता, खाटेवर पडता, माह्या हातात घड्याळ घालता... दोन अक्षरं तोंडातून काढाले काय होते तुमाले?"

आता हे बाईले सांगणं सोपं हाय. पण तुमीच सांगा, आपल्या घरात बाप कधी 'ये' म्हणते का? माय म्हणते 'ये'. बाप म्हणते 'काम पाह्य.' माय इचारते 'जेवला का', बाप इचारते 'गाडीचं सर्व्हिसिंग केलं का.' माह्या बापानं मले उभ्या जन्मात ये म्हटलं नाही. मी तिरोड्याले नोकरीले होतो चार महिने, तं त्यानं निरोप धाडला, "मागाचा दोर तुटला." दोर तुटला! मी धावत आलो, तं दोर बराबर होता. मले तेव्हा समजलं नाही.

तं लावला मी फोन. त्यानं उचलला, "बोला बाबा, काय म्हणते रेघ?" मी म्हटलं, अमर... मंग डोळे मिटून एका दमात बोललो. म्हटलं, रेघ गेली चुलीत. तू ये. मंडईले ये. मले तुले पाहाचं हाय. बस, हेच काम हाय.

मंग हळूच म्हणते, "येतो ना बाबा." 'आहे'-'नाही'वालं पुण्याचं बोलणं नाही, आपलं बोलला. "येतो. काहून नाही येणार?"

आन आला ना भाऊ! मंडईच्या सकाळीच उतरला एसटीतून. काय ते दोन दिवस, तुमाले काय सांगू! घरात पाव्हणेच पाव्हणे, माही बहीण शकुनबाई आली, तिचे जावई आले, चुलीवरचं पातेलं उतरलंच नाही. अमर मारोतरावच्या गळ्यात पडला. पाळण्यात बसला. मले जिलेबी चारली, काठावरची साखर असून चारली! नाटकाले गेलो बापलेक, एकाच सतरंजीवर बसलो, विनोदी पार्टवाला आला तं असे हासलो, असे हासलो का पोट धरा लागलं. झोप कशाची! दुसऱ्या दिवशी मी उठून पाहतो तं पोरगा मागावर बसून! धोटा अटकवला, दहा धागे तोडले, मी शिव्या देल्ल्या, आन शिव्या देता देता मले रडू आलं. कायले आलं काय माहीत. निघताना त्यानंच घड्याळ माह्या हातात नीट बसवून देल्लं, म्हणे ढिलं झालं होतं. हां, खुंटीवरून काढून मीच परत घातलं होतं, ते पूर्ण दोन दिवस माह्या हातातच होतं. मोबाइल कोणी उघडूनही नाही पाह्यला.

गेला तो. पुण्याले पोहोचला आन दुसऱ्या सकाळी फोन. मी खुश! म्हटलं, पहा, सुरू झाले फोन! घेतला. तं आवाज घाबरलेला.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी आत्ता आलेख पाहिला. सगळं लाल आहे बाबा, रेघ खाली आली! दोन दिवस झोप नाही, छातीचे ठोके वाढलेले, शरीरावर प्रचंड ताण असं लिहिलं आहे! सहा महिन्यांत एकदाही असं झालं नाही! आणि नेमकं कधी? मी आलो त्या दिवसापासून मी गेलो त्या दिवसापर्यंत!"

म्हटलं, अरे बाबू, तो ताण नाही, ते...

"नाही बाबा, आकडे खोटं बोलत नाहीत. माझ्या येण्याचा तुम्हाला इतका त्रास होतो, मला माहीतच नव्हतं. तुम्ही प्रेमापोटी बोलावलंत, पण तुमच्या जिवाशी खेळ नको. पुढच्या मंडईला मी येत नाही."

...समजलं का तुमाले? मी रेघ पाडाले खाटेवर पडलो, नाही पडली. माग सोडला, नाही पडली. बायकोच्या हातात घातलं, नाही पडली. आन पडली कधी, तं पोरगा बाजूले बसून हासला तेव्हा! समजावलं मी त्याले, लय समजावलं. विजयमालानं समजावलं, मारोतरावनं फोन हातात घेऊन समजावलं. तं म्हणते, "तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवताय."

आता बसतो मागावर. खटखट, खटखट. पोपटी जोडे खाली काढले, सकाळी पवनीच्या रस्त्यानं जातो, कोणी गाडी थांबवली तं बसतो. आजच सकाळी मेसेज आला त्याचा. लाल गेलं, हिरवं आलं, सगळं पहिल्यासारखं झालं म्हणे. पोरगा एकदम निश्चिंत हाय आता. रेघ चढून राहिली ना भाऊ... मंग चिंता कायची!